खुर्ची चालू आसा

"आ कर. मोठा. अजून मोठा. बाजारात ओरडतेस ना, तसा."

डॉक्टर असं म्हणाले आणि भोवतीची पोरंपोरी हसली. पांढरे कोट घातलेली, शहरातून शिकायला आलेली. मी शाळेच्या वर्गात लाकडी खुर्चीवर मान मागे टाकून बसले होते. बाकं भिंतीला सरकवलेली. फळ्यावर रंगीत खडूने लिहिलेलं, 'मोफत दंत तपासणी व उपचार शिबिर'.

मी बाजारात ओरडत नव्हते. माझी सासू मासळी विकायची, मी नाही. पण तोंड उघडं ठेवलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही. तेवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं.

वरचा पुढचा दात दुखत होता. कडेला काळं पडलेलं. थंड पाणी लागलं की कळ डोळ्यापर्यंत जायची. नवीन लग्न झालेलं. सकाळी दात घासले, चुळा भरल्या, लवंग चावली, धुतलेली साडी नेसले. डॉक्टरांसमोर जायचं म्हणून.

त्यांनी बॅटरी मारली. लोखंडी काडी दातावर ठोकली. मी कळवळले. त्यांनी पोरांना जवळ बोलावलं.

"बघून घ्या. असं तोंड तुम्हाला शहरात मिळणार नाही. मशेरी, तंबाखू, सुकी मासळी, सगळं आहे यात. वाससुद्धा."

मशेरीला मी जन्मात बोट लावलेलं नाही.

एका मुलीने मास्क नाकावर ओढला. दुसरी वाकून बघत होती. ती हळूच म्हणाली, "सर, हा वाचेल ना? नुसता भरला तरी..."

"तुझ्या दवाखान्यात आली तर वाचव. इथे काढायचा. यांना परत परत कोण बोलावत बसणार?"

मी डॉक्टरांचा हात धरला. तोंडात लोखंड तसंच. मी कसंबसं म्हणाले, "सर, पुढचा आहे. ठेवता येत असेल तर ठेवा."

त्यांनी माझा हात बाजूला केला. "तुला कशाला हवाय? मासे विकायला दात लागत नाहीत."

पुन्हा हसणं.

सुई टोचली. दात काढला. पत्र्याच्या भांड्यात टाकला, तेव्हा टण्ण वाजला. त्या भांड्यात आधीच खूप दात होते. आमच्या वाडीचे. मी वळून बघितलं तर रांगेत शेवंती, तिच्यामागे तिची आई, त्यांच्यामागे किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढणारे म्हातारे. सगळे आपापला गाल धरून, मोठ्या आशेने. त्या दिवशी वाडीतल्या कोणाचाच दात भरला नाही. सगळ्यांचे काढले.

संध्याकाळी आम्हाला शाळेच्या पायऱ्यांवर उभं केलं. मागे शिबिर भरवणाऱ्या ट्रस्टचा कापडी फलक. तोंडात कापसाचे बोळे, ओठ सुन्न, साडीवर रक्ताचे थेंब. फोटोवाला म्हणाला, "जरा हसा की."

आणि आम्ही हसलो. सांगितलं म्हणून हसलो. त्याची लाज मला अजून वाटते. हसलो ते आमच्यासाठी नाही, त्यांच्या फोटोसाठी.

घरी येऊन मी रडले. सासू म्हणाली, "फुकट काढल्यानी मां? मगे रडतंस कित्याक?" तिने आयुष्यभर दुखणाऱ्या दातात तंबाखू दाबून बाजार केला होता. फुकट दात निघाला यात रडण्यासारखं काय, हे तिला खरंच समजत नव्हतं.

पुढचा दात गेला की माणूस काय काय गमावतो, ते ज्याचा गेला त्यालाच कळतं. मी हसताना तोंडावर हात धरायला लागले. मग बोलतानाही. फोटो काढून घेणं सोडलं. बांगडा दाताने सोलून खायची मजा गेली. आणि बोलणं. मालवणीत कसंही चालायचं, घरातलंच. पण ऑफिसात, बँकेत, शाळेत शुद्ध बोलायला गेले की 'साहेब' म्हणताना फटीतून वारा सुटायचा. समोरचा माणूस आधी फटीकडे बघायचा, मग माझ्याकडे. म्हणून मी शुद्ध बोलायचा आणखी सराव केला. एकटी असताना, चुलीसमोर. कोणी हसू नये म्हणून.

मुलं मोठी झाल्यावर मी आशा सेविका झाले. बारावी शिकले होते, वाडीत तेवढं शिकलेली दुसरी सून नव्हती. गरोदर बायांना तपासणीला नेणं, पोरांच्या लसी, तापाच्या गोळ्या. घराघरात जायचं काम. माझ्या शब्दाला वाडीत वजन आलं. खाडीच्या पलीकडे आमचा सरकारी दवाखाना आहे. तिथे माझं जाणं-येणं रोजचं झालं. गावाचं नाव मी मुद्दाम घेत नाही. नाव घेतलं की लोक म्हणतात, तिथलंच असेल तसं. मालवणच्या किनाऱ्यावर कुठेही जाऊन बघा.

एके दिवशी त्या दवाखान्यात दातांची खुर्ची आली.

फीत कापली, नारळ फुटला, पेढे वाटले. आम्ही आशा पुढे बसलो होतो. मी ती खुर्ची डोळे भरून बघितली. निळी. पाय लांब करून झोपायची. डोक्यावर गोल दिवा, शेजारी पाण्याचा नळ, चूळ टाकायला छोटं पांढरं भांडं. भाषणात साहेब म्हणाले, आता गोरगरिबांना दातांसाठी खासगी दवाखान्यात जावं लागणार नाही. दात भरणं, साफ करणं, काढणं, सगळं इथेच. मी टाळ्या वाजवल्या. हात लाल होईपर्यंत.

आणि मॅडम आल्या.

दातांच्या डॉक्टर. तरुण, हसऱ्या. पहिल्या भेटीत मी नेहमीसारखं तोंडावर हात धरून शुद्धात म्हणाले, "नमस्कार मॅडम, मी आशा सेविका." त्या म्हणाल्या, "माज्याकडे असा बोलू नकात हां. मी कुडाळची. आपला मालवणीच बरा."

आजवर कुठल्याही डॉक्टरने माझ्याशी माझ्या भाषेत बोललेलं मला आठवत नाही. डॉक्टर म्हणजे शुद्ध. ऑर्डर म्हणजे शुद्ध. आणि ही बाई पेशंटला विचारायची, "खंय दुखता? भिया नको गो, काय जावचा नाय." म्हाताऱ्या नुसत्या ऐकूनच अर्ध्या बऱ्या व्हायच्या.

एकदा मॅडम वाडीत आल्या. माझ्या पडवीत बसून चहा घेतला, शेवंतीने आणलेली सुंगटाची, सुक्या कोळंबीची, कोशिंबीर आवडीने खाल्ली. मग माझी हनुवटी धरून म्हणाल्या, "हात काढ बघया." मी हात काढला. त्यांनी फटीकडे बघितलं.

"कोणी काढल्यान गो ह्यो दात? ह्यो वाचलो असतो."

मी तिथेच रडले. इतकी वर्षं मला कोणीतरी एवढंच सांगायला हवं होतं, की तुझ्यावर अन्याय झाला. तुझं तोंड घाण नव्हतं. दात वाचला असता. त्या दिवसापासून मी त्या बाईसाठी आगीत उडी मारली असती.

त्यांनी सांगितलं, बायकांना घेऊन ये. मी घरोघर गेले. "सरकारी आहे, मोफत आहे, मॅडम आपल्यातली आहे. शिबिरासारखं नाही." शिबिराचं नाव काढलं की बाया मान हलवायच्या. मी माझी फट दाखवून सांगायचे, "माझा गेला, तुमचा जाऊ देणार नाही." मग यायच्या. सकाळची कामं टाकून, बाजार बुडवून, तरीच्या होडीतून खाडी ओलांडून यायच्या.

खुर्चीवर हिरवं कापड टाकलेलं असायचं.

"मशीन बिघाडला आसा गो," मॅडम म्हणायच्या. "पार्ट मुंबैसून येवचो आसा." साध्या स्टुलावर बसवून बॅटरीने तपासायच्या. दुखणं कमी व्हायच्या गोळ्या द्यायच्या. आणि उठताना हळूच, खांद्यावर हात ठेवून, "लवकर करूचा आसात तर बाजारात आमच्या मिस्टरांचो दवाखानो आसा. माजा नाव सांगा, कमी करतले."

त्यात मला काही वावगं वाटलं नाही. उलट वाटलं, बाई किती माया करते.

ज्यांना झेपलं त्या गेल्या. एकीने कानातलं मोडलं. बाकीच्या गोळ्या घेऊन घरी आल्या आणि पार्टची वाट बघू लागल्या. मी पण बघू लागले. वाडीत कोणी विचारलं की मीच सांगायचे, येतोय पार्ट, आला की पहिली तुलाच नेते. नारळीपौर्णिमा झाली, होड्या परत समुद्रात गेल्या, पावसाळा गेला. पार्ट आला नाही.

आता शेवंतीचं सांगते.

शेवंती माझ्या शेजारची. शिबिरात माझ्या मागे रांगेत होती तीच. किनाऱ्यावर मासळीचा लिलाव चालायचा तेव्हा तिचा आवाज देवळापर्यंत जायचा. व्यापारी तिला दबकून असायचे. बोली चुकवली तर चार लोकांत त्याच्या सात पिढ्यांची हजेरी घ्यायची. मला कधी राग आला की मी शेवंतीकडे जायचे. माझ्या वाटणीचं ती ओरडायची.

तिची खालची दाढ किडली. मी तिला मॅडमकडे नेलं. गोळ्या मिळाल्या. दुखायचं थांबलं. परत सुरू झालं. परत नेलं. परत गोळ्या. ती म्हणायची, "गोळी घेतलंय काय बरा वाटता. संपली काय परत ताच." मॅडमनी तिलाही बाजारातला दवाखाना सांगितला. शेवंतीचा नवरा आजारी, घर तिच्या एकटीच्या हातावर. ती हसून म्हणाली, "मॅडम, दात काढूक गेलंय तर चूल काढूची लागात."

मॅडम पण हसल्या. "मगे थांब गो. पार्ट येतलो."

ती थांबली.

एका सकाळी तिची मुलगी धावत आली. शेवंतीचा गाल नाही, गळाच सुजला होता. हनुवटीखाली दगडासारखं घट्ट, तापलेलं. तोंड उघडेना. जीभ वर ढकलली गेलेली. लाळ गिळता येईना, तोंडातून वाहत होती. तिने माझा हात धरला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, "गिळूक जमणा नाय गो." तिच्या डोळ्यांत मी भीती पहिल्यांदा बघितली. शेवंतीच्या डोळ्यांत.

गाडी केली. आमच्या दवाखान्यातून तिला तसंच गोव्याला पाठवलं. मी तिच्याबरोबर गेले. वाटेत तिचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. मी बाहेर बघत होते, पण दिसत काही नव्हतं.

गोव्यात त्यांनी तिचा गळा कापला. श्वास घ्यायला भोक पाडलं, पू काढला. बाहेर आलेल्या तरुण डॉक्टरने मला विचारलं, "हे दातावरून झालंय. इतके दिवस दुखत होतं तर तिकडे कोणी दात काढला नाही?"

मी म्हणाले, "खुर्ची बंद आहे आमच्याकडे."

"खुर्ची नसली तरी दात निघतो. साधा दात होता. स्टुलावर बसवून काढता आला असता. नाहीतर लगेच आमच्याकडे पाठवायचं." तो दमलेला होता, रागावलेला नव्हता. सांगून निघून गेला.

स्टुलावर काढता आला असता.

मी त्या गलरीत उभी राहिले आणि डोक्यात एकच. शाळेतल्या लाकडी खुर्चीवर माझा दात निघाला होता, जो ठेवायचा होता तो. आणि शेवंतीचा, जो काढायचा होता, तो कोणी काढला नाही. तरी मला मॅडमचा राग आला नाही. सांगते खरं ते. मला वाटलं, त्यांना सामान नसेल. त्यांनाच वरून कोणी त्रास देत असेल. जिच्यावर जीव टाकला तिच्याबद्दल वाईट मनात येत नाही. मन वाटा शोधत राहतं.

शेवंती वॉर्डात असताना मी एका गरोदर मुलीला तपासणीला आमच्या दवाखान्यात घेऊन गेले. तिला आत सोडलं आणि गलरीत बसले. दातांच्या खोलीबाहेर नेहमीसारखी माणसं. एक म्हातारा, रुमालाने जबडा बांधलेला. लेकराला मांडीवर घेतलेली एक बाई, लेकराचा गाल फुगलेला. दोन कातकरी बाया. खोलीचं दार लोटलेलं. आतून बारीक, भिरभिरता आवाज येत होता.

म्हाताऱ्याने विचारलं, "मशीन चालू झाला काय गो?"

मी दार ढकललं.

गोल दिवा लागला होता. पांढराशुभ्र. हिरवं कापड घडी करून स्टुलावर ठेवलेलं. निळी खुर्ची मागे झुकलेली आणि तिच्यात बंदरावरच्या मोठ्या हॉटेलवाल्यांची आई. गळ्याशी स्वच्छ रुमाल. मॅडम त्यांच्या दातावर पाण्याचा फवारा मारत होत्या. छोट्या भांड्यात पाणी गोल फिरत होतं. ते फिरणारं पाणी मी किती वेळ बघत राहिले, देव जाणे.

आजींनी माझ्याकडे बघितलं. बिचारी चांगली बाई. हाताने मला बसायची खूण केली. तिला काय माहीत. तिला वाटलं असेल, पुढचा नंबर माझा.

मॅडमच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. सिस्टरकडे काम देऊन त्यांनी मला शेजारच्या औषधांच्या खोलीत नेलं. दार लावलं. आणि बोलल्या. शुद्ध मराठीत.

"हे बघा ताई, तुम्ही गैरसमज करून घेऊ नका."

तेवढ्या एका वाक्यात मला सगळं कळलं. बाकीचं त्या बोलल्या नसत्या तरी चाललं असतं.

"खुर्ची नाजूक असते. सगळ्यांना बसवायला लागलो तर महिन्यात मोडेल. काही लोकांना नाही म्हणता येत नाही. त्यांची दवाखान्याला मदत असते, तुम्हाला माहीत नाही."

मी विचारलं, "शेवंतीला नाही म्हणता आलं?"

"शेवंतीचं वाईट वाटलं मला. पण तिने गोळ्या पूर्ण घेतल्या नसतील. तुम्ही लोक औषध मधेच सोडता. मशेरी सोडत नाही. मग बोल आम्हाला लावता."

तुम्ही लोक.

आमच्या पडवीत बसून सुंगटाची कोशिंबीर खाल्लेलं तोंड. शिबिरातला तो डॉक्टर बरा, असं मला त्या क्षणी वाटलं. तो तोंडावर बोलला. त्याला आमची घाण वाटत होती आणि त्याने ती लपवली नाही. या बाईने माझ्या भाषेत हात घालून माझा विश्वास काढून घेतला होता. मी वाडीतून बाया आणत होते. त्या बाया नवऱ्याच्या दवाखान्यात जात होत्या. मी जाळं टाकत होते आणि मासे दुसऱ्याच्या टोपलीत पडत होते. मला वाटत होतं मी सेवा करते.

मॅडम जवळ आल्या. त्यांनी माझ्या हनुवटीला हात लावला, वाडीत लावला होता तसाच. आवाज मऊ झाला.

"तुमचा पुढचा दात मी बसवून देते. इथेच, या खुर्चीवर. पक्का, कायमचा. कोणाला कळणार पण नाही. किती वर्षं तोंडावर हात धरणार? तुम्ही आपलं माणूस आहात, ताई. हे आपल्यातच राहू द्या."

मला तो दात हवा होता.

हे लपवून काय करायचं आहे? हवा होता. औषधांच्या कपाटाच्या काचेत मला माझं तोंड दिसत होतं. मी त्या फटीच्या जागी दात बघितला. मुलीच्या लग्नातला फोटो बघितला. बँकेत 'साहेब' म्हणून बघितलं. क्षणभर मी ते सगळं जगून आले. आणि मग तो वास आला, गोव्याच्या वॉर्डातला, पू आणि स्पिरिटचा, शेवंतीच्या गळ्यातल्या नळीचा. माझ्या तोंडात जो दात बसणार होता, तो तिच्या गळ्याच्या मोलाने बसणार होता.

मी त्यांचा हात हनुवटीवरून काढला. आजवर दवाखान्यात मी कधी मालवणी बोलले नव्हते, त्यांच्याशी सोडून. आता त्यांनी सोडली होती. माझी मी घेतली.

"माका नको तुमचो दात."

दार उघडून गलरीत आले. माझ्या तोंडावर हात नव्हता. मला ते नंतर कळलं. मी शेवंतीसारखी ओरडले, माझ्याच आवाजात, कारण ती ओरडायला तिथे नव्हती.

"खुर्ची चालू आसा!"

माणसं बघतच राहिली.

"बिघाडलेली नाय. कधीच बिघाडलेली नाय. आत दिवो पेटता, पाणी फिरता. उठा. खुर्ची चालू आसा."

पहिला उठला तो जबडा बांधलेला म्हातारा. "खंय? आत?" एवढंच बोलला आणि दारापाशी गेला. दार आतून बंद झालं होतं. त्याने कडी वाजवली. पुन्हा वाजवली. लेकरू घेतलेली बाई त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. कातकरी बायांनी एकमेकींकडे बघितलं आणि त्याही उठल्या. कोणी आरडाओरडा केला नाही. म्हातारा नुसती कडी वाजवत राहिला.

मोठे डॉक्टर आले. सगळ्यांसमोर मला म्हणाले, "तुमचं काम बाळंतिणींचं आहे. दातांत कशाला पडता? पुन्हा असा तमाशा केलात तर उद्यापासून येऊ नका."

मी म्हणाले, "ह्येंचे दात बघा, मगे जातंय."

त्या दिवशी लेकराचा दात बघितला गेला, म्हाताऱ्याचा काढला. त्या खुर्चीवर. बाकीच्यांना नंतर या म्हणून सांगितलं. पुढच्या वेळी गेलो तर हिरवं कापड पुन्हा अंथरलेलं. या वेळी खरंच बिघडली, म्हणाले.

मग सगळं सुरू झालं. सरपंच घरी आले, म्हणाले, मॅडमसारखी चांगली बाई परत मिळायची नाही. नवरा समुद्रावरून आला तो तापलेला. "तू कित्याक मदी पडलंस? उद्या पोरांचा काय झाला तर खंय जावचा? तेंच्याच दारात मां?" तो खोटं बोलत नव्हता. जायचं त्यांच्याच दारात होतं. वाडीतल्या काही बाया माझ्याशी बोलेनात. म्हणाल्या, गोळ्या तरी मिळत होत्या, तुझ्यामुळे त्याही जातील. ज्यांच्यासाठी ओरडले त्यांनीच पाठ फिरवली, तेव्हा मी पहिल्यांदा खचले. मॅडमच्या वेळी नव्हते खचले.

सासू मात्र माझ्या बाजूने उभी राहिली, हे मला अपेक्षित नव्हतं. टोपली डोक्यावर घेता घेता बायांना म्हणाली, "गोळयेन शेवंतीचो गळो वाचलो काय गो?" आणि बाजाराला गेली.

तक्रार मी केली. चौकशीला एक साहेब आले. टेबलाच्या पलीकडे मॅडम, मोठे डॉक्टर. अलीकडे मी. साहेबांनी मला विचारलं, पुरावा काय? मॅडम म्हणाल्या, त्या दिवशी खुर्चीची चाचणी चालली होती. आजी ओळखीच्या, म्हणून त्यांना बसवून बघितलं. हॉटेलवाल्यांच्या घरचं कोणी आलं नाही. ज्या बायांनी बाजारात दात करून घेतले होते, त्यांतली एकही आली नाही.

दारात शेवंती उभी होती. मी तिला बोलावलं नव्हतं. गोव्याहून येऊन थोडेच दिवस झालेले. ती आत आली, खुर्ची कोणी दिली नाही, उभीच राहिली. गळ्यावरचा पदर काढला. जखम अजून लाल होती. तिचा तो देवळापर्यंत जाणारा आवाज आता राहिलेला नाही. फुटक्या शिंपल्यातून वारा यावा तसा येतो. त्या आवाजात ती साहेबांना म्हणाली,

"माजो दात साधो होतो."

साहेबांनी खिडकीकडे बघितलं. मॅडमनी टेबलाकडे. पंखा फिरत होता. तिने पदर पुन्हा गळ्यावर घेतला आणि माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

मॅडमना दुसरीकडे हलवलं. शिक्षा नाही, बदली. जाताना त्यांना शाल, श्रीफळ दिलं. बाजारातला दवाखाना चालू आहे, त्यावर नवीन पाटी लागली. माझं काम अजून आहे. पण मीटिंगला माझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहते.

ट्रस्टवाल्यांचा माणूस परवा घरी आला होता. पुन्हा शिबिर आहे, बाया जमवून द्या म्हणाला. मी त्याला सांगितलं, आमच्या वाडीतून एकही माणूस येणार नाही. मोफत असलं तरी नाही. सरकारने आमच्यासाठी खुर्ची दिलीय, आम्ही तिच्यावरच बसणार. तो हसला. म्हणाला, "ती तर बंद असते ना?"

मी म्हणाले, "उघडतली."

नवीन डॉक्टर फक्त सोमवारी येणार, असं कळलंय. कोण, कुठले, ठाऊक नाही. आमच्या भाषेत बोलतील की शुद्धात, मला फरक पडत नाही. गोड बोलण्यावर मी पुन्हा कोणाला घेऊन जाणार नाही, आणि रागावण्याला भिऊन परत येणार नाही. सोमवारी शेवंती येणार आहे. सासू बाजार बुडवून येणार आहे. ज्या बोलत नव्हत्या त्यांतल्या काही जणींनी खाडीची होडी किती वाजता सुटते ते विचारलंय. आम्ही खोलीत जाऊ. कापड तसंच असलं तर मी स्वतः काढीन, घडी करीन, आणि ज्या बाईचा दात दुखतो तिला त्या खुर्चीवर बसवीन. मग डॉक्टरांनी सांगावं, चालू होते की नाही. जोवर बटण दाबून दाखवत नाहीत तोवर ती उठणार नाही. तिला उठवायला कोणी आलं, तर आधी मला उठवावं लागेल.